हात पाठीमागे बांधून केलेल्या बेरजा

आमचे हे लखनौच्या एका संशोधन संस्थेत शेवाळावर काम करायचे. लग्नाच्या मांडवात किंवा कॉलनीतल्या पार्टीत कुणीतरी त्यांना विचारायचं, "आप क्या करते हैं?" की झालं. ऐकणाऱ्याचा चहा गार होईपर्यंत शेवाळ. मग सुटका करून घ्यायला तो बिचारा माझ्याकडे वळायचा, "और भाभीजी, आप?" मी सांगायचे, "पहिलीच्या मुलांना बेरीज शिकवते." यावर माणसं "अच्छा, अच्छा" म्हणत आणि सामोशाच्या ताटलीकडे सरकत. शेवाळाबद्दल निदान एखादी शंका तरी विचारली जायची. बेरजेत काय विचारायचं?

पुष्कळ काही. पण ते सांगायची संधी मला कुणी दिली नाही. आता तुमच्या मांडीवर चकलीची ताटली आहे आणि तुम्ही उठून जाणार नाही, अशी माझी समजूत आहे, म्हणून सांगते.

मोठ्या माणसाला सात अधिक पाच विचारलं की त्याच्या तोंडून बारा बाहेर पडतं. तो बेरीज करत नाही, त्याला ते पाठ असतं. लहान मूल मात्र खरोखर बेरीज करतं. आधी ते सात वस्तू मांडतं, मग पाच मांडतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळ्या मोजतं. काही दिवसांनी त्याच्या लक्षात येतं की सात तर मघाशीच मोजले होते. मग ते सात डोक्यात ठेवतं आणि नुसतं पुढे जातं: आठ, नऊ, दहा. हे लक्षात यायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला वर्ष. माझी सगळी नोकरी या दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत उभं राहून गेली.

शाळा इंदिरा नगरमध्ये होती, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर. नाव इंग्रजी आणि फाटकाहून लांब. वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहायच्या, त्याच मुख्याध्यापिका. त्यांना सगळे 'बड़ी मैडम' म्हणायचे. मोटार ठेवायच्या खोलीत बालवाडी भरायची आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून माझी पहिली. अकराच्या सुमाराला वरून कचोऱ्या तळल्याचा वास खाली यायचा आणि माझ्या वर्गाची बेरीज तिथंच थांबायची.

आरंभी मी वस्तू घेऊन शिकवायचे. आमच्याकडे अकोल्याला चिंचोके असत. लखनौत चिंचोके कोण देणार, म्हणून मी राजमा नेला. पहिल्याच दिवशी तीन अधिक एक मांडताना एका मुलाचा एक राजमा हरवला. खूप शोधल्यावर तो त्याच्या नाकात सापडला. त्याला पुढ्यात बोलावून मी बघत होते, तेवढ्यात शेजारच्या मुलानं आपल्या दोन्ही नाकपुड्यांत एकेक घालून दाखवला आणि आनंदानं ओरडला, "मैडम, एक और एक दो!" उत्तर बरोबर होतं. डॉक्टरांकडे जाताना रिक्षात त्याला मी शाबासकीही दिली. पण राजमा बंद झाला.

मग तोंडी हिशेब. लखनौ म्हणून मी आंबे घेतले. मलिहाबादकडे आंब्याची बाग असलेल्या घरातला एक मुलगा माझ्या वर्गात होता, बोलायला अतिशय अदबशीर. मी त्याला विचारलं, "तीन दशहरी और दो चौसा, कितने आम?" तो मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "मैडम, दोनों साथ नहीं होते। दशहरी उतर जाता है, तब चौसा आता है।" मी म्हटलं, "समझ लो साथ आ गए।" त्यानं मान हलवली. "अब्बू ख़रीदेंगे ही नहीं। चौसा कच्चा होगा।" त्या दिवशी त्याला बेरीज आली नाही, मला मात्र आंबा बराच कळला.

शेवटी राहिली बोटं. बोटं नाकात जातात, पण परत येतात. दहा असतात, घरी विसरत नाहीत. मला वाटलं आता आपलं तारू लागलं किनाऱ्याला. आणि नेमक्या त्याच वर्षी बड़ी मैडम दिल्लीला कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या.

आल्या त्या 'मेंटल मैथ्स' घेऊनच. त्यांनी फर्मान काढलं: शाळेत यापुढे कुणीही बोटांवर मोजणार नाही. "उँगलियों पर तो दूधवाला गिनता है," त्या सकाळच्या प्रार्थनेत म्हणाल्या. गणिताचा तास सुरू झाला की मी "हाथ पीछे!" म्हणायचं आणि सगळ्या मुलांनी हात पाठीमागे बांधून बसायचं. वर्ग बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच पोलीस येऊन गेलेत. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून रिक्षात मुलं चढवताना बड़ी मैडम मात्र अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत फिरवत मुलं मोजायच्या. आमचे हेसुद्धा, शेवाळाच्या तीनशे जाती ओळखणारे, जेवायला किती पानं हे पेरांवरच मोजायचे. आपल्या सगळ्या देशाचा हिशेब पेरांवर चालतो आणि बंदी सहा वर्षांच्यांना.

मुलं काय, मुलंच. हात बंद झाल्यावर आठवड्याभरात बुटांची चामडी आतून हलायला लागली. मी अधिक म्हटलं की वर्गभर बूट वळवळायचे. एक जण डोळ्यांच्या पापण्या मिटून मोजायचा, त्याच्या आईनं त्याला चष्म्याच्या डॉक्टरला दाखवलं. मी सगळं बघत होते आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हते, कारण उत्तरं बरोबर येत होती.

सगळ्यांत बरोबर यायची ती स्वप्नालीची.

स्वप्नाली जगदाळे माझ्या वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी. मूळ गाव कराडजवळ. वडील हवाई दलात सार्जंट. आई सुनंदा, पंचविशीची, एका इस्पितळात नर्सिंगचं शिक्षण घेत होती. बिऱ्हाड विकास नगरमध्ये. शाळा सुटली की स्वप्नाली माझ्याबरोबर माझ्या घरी यायची आणि संध्याकाळी सुनंदा टेम्पोतून, म्हणजे तिकडच्या सहा आसनी रिक्षातून, उतरून तिला न्यायला यायची. मी मराठीत बोलायचे, स्वप्नाली हिंदीत उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं.

ही मुलगी बेरजेत विजेसारखी होती. हात पाठीमागे, बूट गप्प, पापण्या उघड्या. सात अधिक सहा? "तेरह।" चेहऱ्यावर काही नाही. फक्त गाल किंचित हलायचा. बड़ी मैडम कुणी पाहुणे आले की तिला खुर्चीवर उभं करायच्या. "देखिए, बिना उँगली!" पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि आपापल्या मुलांचे प्रवेश घेऊन जायचे.

अशातच सार्जंट जगदाळ्यांची बदली ईशान्येला झाली, जिथं कुटुंब नेता येत नव्हतं. आणि मार्चनंतर आम्हीही राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार होतो. मग दुपारभर पोरीला कोण सांभाळणार? कराडहून दिरांचा फोन आला: शिकायचं तर शीक, पण मुलीला इकडे पाठवून दे, आत्या बघेल. सुनंदाचं शिक्षण अजून दोन वर्षांचं होतं. माझ्यासमोर स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली, "काकू, दोन वर्सं लेकरू माझ्याबिगर ऱ्हायचं म्हंजी मग ते माझं ऱ्हातंय का वो? आत्याचंच हुतंय."

एकच वाट होती. शहरातल्या गंज बाजाराकडे एक मोठी मिशनरी शाळा होती. तिथं लहान मुलांना संध्याकाळी पाचपर्यंत ठेवून घेत. पण दुसरीत मोजक्याच जागा आणि त्यासाठी मुलीची तोंडी परीक्षा. सार्जंटसाहेबांनी जाताना निकाल देऊन ठेवला होता: तिथं घेतलं तर पोरगी आईजवळ राहील, नाहीतर उन्हाळ्यात कराड. परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस होती. मी सुनंदाला म्हटलं, "अगं, ही पोरगी वाचते, लिहिते, आणि बेरीज तर अशी करते की त्यांनाच काही शिकवून येईल. तू झोप स्वस्थ."

जानेवारीत, ऐन थंडीत, स्वप्नालीच्या बेरजा चुकायला लागल्या.

सगळ्या नाही. सात अधिक तीन, दहा. नऊ अधिक दोन, अकरा. पण सात अधिक सहा, बारा! आठ अधिक पाच, बारा! एकाने कमी, न चुकता एकाने कमी. बड़ी मैडमनी तिला पाहुण्यांपुढे उभं केलं, तिनं शांतपणे चुकीचं उत्तर दिलं, पाहुणे चहा न घेता गेले. "ध्यान कहाँ है तुम्हारा?" असं विचारल्यावर मुलगी रडायलाच लागली. सुनंदानं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. आमच्या ह्यांनी जीवनसत्त्वांची कमतरता असावी असं सांगून काहीतरी हिरवं खायला घालायला सांगितलं, सुदैवानं ते शेवाळ नव्हतं. मी तिला रोज संध्याकाळी समोर बसवून बेरजा घालत होते आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं. चुकणारं मूल कसंही चुकतं. हे मूल शिस्तीत चुकत होतं.

संक्रांत आली. लखनौत तिळगूळ करायला मला कधी सवड झाली नाही. दरवर्षी मी वर्गात रेवड्या वाटायचे आणि मुलांकडून "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणवून घ्यायचे. ते शब्द लखनवी जिभेवर काय होऊन बाहेर पडत ते लिहिता येणार नाही. रेवडी म्हणजे तीळ लावलेला चिकट खडा, दाताला धरला की सोडत नाही. सगळ्यांच्या तोंडात रेवडी होती आणि मी सहज विचारत गेले. बाकीची मुलं बूट वळवळवत बरोबर सांगत होती. स्वप्नालीला विचारलं, "पाच अधिक दोन?"

काही नाही. तोंड हलेना. "चार अधिक एक?" तेही नाही. मग तिनं घाईघाईनं रेवडी चावायला घेतली, ती आणखीच चिकटली, आणि डोळ्यांत पाणी आणून, तोंडात लाळ घोळवत ती म्हणाली, "मैडम, अभी नहीं हो पाएगा। दाँत बिज़ी हैं।"

मी तिला ओट्यापाशी नेलं, चूळ भरायला लावली आणि म्हटलं, "आ कर." खालच्या ओळीत, बरोबर मधोमध, एक दात नव्हता.

आता तुम्हीही जीभ फिरवून बघा. दुधाचे दात खाली दहा असतात, पाच उजवीकडे, पाच डावीकडे. हाताच्या बोटांसारखेच. स्वप्नालीनं हात बंद झाल्यावर मोजणी जिभेवर घेतली होती. सात डोक्यात ठेवायचे आणि उजव्या बाजूच्या दाढेपासून जीभ एकेका दाताला लावत पुढे जायचं. पाच म्हणजे उजवी बाजू संपली. सहा म्हणजे मध्य ओलांडून पहिला. वाढदिवसाच्या सुमारास तिच्या मोजणीतला पाचवा दात पडला, आणि पाच मिळवायला सांगितले की चारच मिळवले जाऊ लागले. चार किंवा त्याच्या आतलं सगळं ठीक, कारण ते दात शाबूत होते. गणित बिनचूक होतं, फक्त अवजार झिजलं होतं. मी ओट्याला टेकून इतकी हसले की बड़ी मैडम वरून वाकून बघायला लागल्या. आणि मग हसू थांबलं, कारण मी शेजारच्या दाताला बोट लावलं आणि तोही हलत होता. परीक्षेपर्यंत तो राहणार नव्हता.

मी त्या संध्याकाळी सुनंदाला सगळं सांगितलं. ती आधी पोरीवर चिडली, मग स्वतःच्या तोंडात जीभ फिरवून बघितली, आणि मग म्हणाली, "आता वो काय करायचं?"

"बोटं," मी म्हटलं.

"पर मैडम न्हाई म्हन्त्यात न्हवं? आन तितं परीक्षेत बोटं मोडत बसली तर काय म्हन्तील?"

"म्हणू देत. बोटं पडत नाहीत."

वर्गात हात पाठीमागे आणि माझ्या घरी हात पुढे, असा आमचा दुहेरी कारभार सुरू झाला. मी माझी सगळी विद्या पणाला लावली. मोठा आकडा डोक्यात, छोटा बोटांवर. आठ अधिक सहा: आठ डोक्यात, हात लावून दाखव, कुठे आहेत आठ? "यहाँ।" मग सहा बोटं. तिला बोटांची सवय नव्हती, ती मध्येच जीभ फिरवायची, मी गालाकडे बघून ओळखायचे आणि "दात सोड!" म्हणून ओरडायचे. आमचे हे आतून विचारायचे, "कुणाला चावतेय का ती?" फेब्रुवारीत दुसरा दात पडला. पण तोवर दहांतल्या नऊ बेरजा बोटांवर येत होत्या आणि मला स्वतःच्या कर्तृत्वाचा फार अभिमान वाटायला लागला होता.

परीक्षेच्या दिवशी सुनंदा म्हणाली, "काकू, तुमी बी चला. माझं हिंदी आयकून त्यास्नी वाटंल पोरगी बी अशीच." मी मावशी म्हणून गेले. सुनंदानं इस्पितळातून सुट्टी मिळवली होती, इस्त्रीची साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून. टेम्पोत ती सारखी देवाचं नाव घेत होती आणि स्वप्नाली खिडकीतून दिसणाऱ्या बकऱ्या मोजत होती.

आत मोठं टेबल आणि टेबलामागे एक वयस्कर सिस्टर. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नाही. आम्ही तिघी या बाजूला. तिनं नाव विचारलं, एक पान वाचून घेतलं, चित्रातले पक्षी विचारले. सगळं नीट. मग म्हणाली, "आठ और छह?"

स्वप्नालीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी मनात म्हटलं, शाबास. आता आठ डोक्यात.

तिनं आठ बोटं उभी केली.

इतक्या दिवसांची मेहनत, आणि घाबरून पोरगी पार पहिल्या पायरीवर गेली होती. सगळं पहिल्यापासून मोजणार, म्हणजे आठ उभी, राहिली दोन, आणि मिळवायचे सहा. तिनं ती दोनही उभी केली. नऊ, दहा. बोटं संपली. तिनं हातांकडे बघितलं. गाल हलला, जीभ तोंडात एकदा पुढे जाऊन त्या भगदाडाशी थांबली आणि परत आली. शेजारी पदराखाली सुनंदाचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले मला दिसत होते. मला तोंड उघडून ओरडावंसं वाटत होतं आणि परीक्षेत मावशीनं ओरडायचं नसतं.

सिस्टरचे हात टेबलावर, कागदाशेजारी होते. स्वप्नालीनं ते बघितले. मग लखनौत वाढलेल्या मुलीला शोभेल अशा अदबीनं तिनं विचारलं, "सिस्टर, ज़रा अपना हाथ देंगी?"

सिस्टरनं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग उजवा हात पुढे सरकवला. स्वप्नालीनं त्या सुरकुतलेल्या हाताची बोटं एकेक करून उभी केली, ग्यारह, बारह, तेरह, चौदह, आणि अंगठा हळूच मिटून परत ठेवला. "चौदह," ती म्हणाली. "शुक्रिया।"

मी कुठलीच विद्या तिला दिली नव्हती, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि वाईट अजिबात वाटलं नाही.

सिस्टरनं हात मागे घेतला नाही. "और अगर मैं यहाँ न होती, तो?"

स्वप्नालीला हा प्रश्न फारच सोपा वाटला असावा. "तो मम्मी हैं ना," ती म्हणाली.

सुनंदाला तेवढं हिंदी समजत होतं. तिनं पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले, दहाही बोटं पसरून. सिस्टरनं ते हात बघितले. मग तिनं पेन उचललं आणि पहिल्यांदाच मुलीला सोडून आईला विचारलं, "शाम को पाँच बजे इसे लेने कौन आएगा?"

"मैं," सुनंदा म्हणाली. "रोज मैंच."